नावाचं वय (मराठी व्यक्तिनामं)

नुसतं पहिलं नाव ऐकलं तरी माणूस साधारण किती वर्षांचा असेल हे कळतं, आणि तेच नाव बारशाला सुचवलं की "अगं, किती जुनं वाटतं" असं कुणीतरी म्हणतंच, त्या प्रकाराबद्दल ही नोंद आहे. शालिनी म्हटलं की आजी, संगीता म्हटलं की मावशी, रूपाली म्हटलं की ऑफिसातली सीनियर, स्वरा म्हटलं की बालवाडी. अंदाज चुकतोही, कारण शहरात जुनं झालेलं नाव गावाकडे आणखी एखादी पिढी सहज चालतं, आणि वारकरी घरांमधली ज्ञानेश्वर, तुकाराम, नामदेव ही नावं तर या हिशोबात बसतच नाहीत. इथे मुख्यतः मराठी हिंदू आणि बौद्ध घरांचा विचार केलाय.

नाव जुनं होणं ही गोष्ट तशी अलीकडची मानावी लागते. आधी घरात गेलेल्या माणसाचं नाव नव्या मुलाला द्यायची रीत होती, त्यामुळे नाव फिरून फिरून परत यायचं आणि त्याला वय असं राहायचंच नाही. सगळ्यात स्वच्छ उदाहरणं राजघराण्यांतली, कारण त्यांच्या वंशावळी नीट नोंदलेल्या आहेत. बाळाजी विश्वनाथ (पेशवेपद १७१३ ते १७२०), त्यांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा परत बाळाजी म्हणजे नानासाहेब. बाजीरावांचा दुसरा मुलगा रघुनाथराव, त्याचा मुलगा दुसरा बाजीराव. थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले आणि १७७४ मध्ये पुतण्या जन्मला त्याचं नाव माधवराव ठेवलं, तेच सवाई माधवराव. भोसल्यांकडेही हेच दिसतं. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीला पडले आणि त्यानंतर १६५७ मध्ये झालेल्या मुलाचं नाव संभाजी, आणि महाराज १६८० मध्ये गेल्यावर दोन वर्षांनी जो नातू झाला, ज्याला आपण शाहू म्हणतो, त्याचं जन्मनाव शिवाजी. म्हणजे नाव घरचं, माणसं त्यात येऊन जाऊन राहणार. अट एवढीच की ज्याचं नाव ठेवायचं तो हयात नसावा.

यातून एक अडचण व्हायची. सून सासऱ्याचं नाव उच्चारायची नाही, आणि मुलाचं नाव तर तेच, मग त्याला हाक कशी मारणार? म्हणून बाळ, नाना, अण्णा, भाऊ, तात्या अशी घरची नावं. कित्येकांचं खरं नाव शाळेत नाव घालायच्या दिवसापर्यंत कुणी घेतलेलंही नसायचं. लोकमान्य टिळकांचं जन्मनाव केशव, पण घरचं "बाळ" तेच शेवटपर्यंत टिकलं.

ही साखळी कधी तुटली याला एक तारीख नाही. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैल पडली असावी आणि गावांत त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी, असं धरायला हरकत नाही. कर्व्यांच्या एकाच घरात हा बदल अगदी डोळ्यांसमोर होताना दिसतो. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८ ते १९६२). त्यांच्या मुलांची नावं रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर, म्हणजे पहिली दोन देवांची, जुन्या पठडीतली, आणि पुढची दोन सूर्याची. दिनकररावांच्या मुलांची नावं जाई, आनंद आणि गौरी. धोंडो, दिनकर, आनंद असं लागोपाठ म्हणून बघा, तीन वेगवेगळे काळ ऐकू येतात. बायकांच्या नावांत तर आणखी मजेची गोष्ट आहे. महर्षींची दुसरी पत्नी गोदूबाई, म्हणजे गोदावरी, नदीचं नाव, लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. सून इरावती, तिचा जन्म १९०५ चा ब्रह्मदेशातला आणि नाव तिथल्या नदीवरून. मुलीला नदीचं नाव द्यायची जुनी रीत तशीच राहिली, नदी तेवढी बदलली, आणि त्यामुळे गोदूबाई आज पणजीच्या पिढीतलं वाटतं तर इरावती हे नाव आजही मुलीला ठेवलं तर कुणाला जुनं वाटणार नाही.

जुन्या थरातल्या नावांपैकी धोंडू, धोंडो, धोंडिबा, धोंडाबाई या गटाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण "जुनाट नाव" म्हणून पहिलं हेच तोंडात येतं आणि त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. पहिलं आणि सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं मत म्हणजे धोंडा म्हणजे दगड. घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला मुद्दाम हलकं नाव द्यायचे, म्हणजे नजर लागू नये, मृत्यूला त्याची किंमत वाटू नये. दगडू, केरू, कचरू, उकंडा, भिकाजी (भीक मागून मिळवलेला), नथू (नाक टोचून मुलगी असल्याचं भासवलेला) ही सगळी त्याच जातीची. दुसरं मत असं की मूळ नाव ढुंढिराज, काशीतल्या गणपतीचं, त्याचं धुंडिराज, धोंडिराज आणि मग घरगुती धोंडो. मोरो, नारो, केसो, दादो ही जुनी ओकारान्त रूपं बघितली तर धोंडो त्या रांगेत अगदी बरोबर बसतं, आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज होतं हेही लक्षात ठेवायला पाहिजे. तिसरं मत अधिक महिन्याचं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून धोंडे खायला घालतात ते याच महिन्यात, आणि त्यात जन्मलेलं मूल ते धोंडू किंवा धोंडाबाई. याच महिन्याला पुरुषोत्तम मास असंही म्हणतात, म्हणून काही घरांत अशा मुलाचं नाव पुरुषोत्तम ठेवायचे. तिन्हींतलं एकच खरं असा हट्ट धरायचं कारण नाही. गणपती कुलदैवत असलेल्या कोकणातल्या घरात धोंडो असेल तर दुसरं मत जास्त पटतं, आणि देशावर एकाच घरात दगडू आणि धोंडिबा असे सख्खे भाऊ असतील तर पहिलं. अधिक महिन्याचं मत जन्मतारीख पक्की असेल तरच तपासता येतं, आणि तिथेच गाडी अडते, कारण त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली १ जून असते.

नावाचं वय अर्थापेक्षा शेपटीवरून जास्त कळतं असं माझं निरीक्षण आहे. मल्हारी हे नाव आजोबांचं वाटतं आणि मल्हार हे आज के.जी.तल्या मुलाचं, देव तोच, जेजुरीचा, फक्त एक ईकार गळाला. केदारी आणि केदारचंही तसंच. शेवंता जुनी आणि जाई, सायली, केतकी नव्या, सगळी फुलंच. सगळ्यात जुना थर -बा, -जी, -बाई, -राव, -पंत यांचा, त्यातल्या पंतचा संबंध पंडितशी आणि रावचा राजाशी लावतात. यातलं बाई आणि राव हळूहळू नावातून सुटून नुसते आदराला उरले, पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत राव नावातच टिकला, बंगळुरात १९५० मध्ये जन्मलेल्या रजनीकांतचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड हे त्याचंच उदाहरण. मग आली -कर वाली फॅशन, प्रभाकर, दिवाकर, मधुकर, सुधाकर, पद्माकर, आणि तिच्या जोडीला शालिनी, नलिनी, मालिनी, कुमुदिनी, मंदाकिनी. त्यानंतर सुरेश, रमेश, उमेश, दिनेश, आणि भावाभावांची नावं यमकात बसवायची हौस असल्यामुळे एका घरात एक ईश आला की तीन यायचे. पुढे रूपाली, दीपाली, सोनाली, वैशाली, मग अनिकेत, चिन्मय, प्रणव, सायली आणि आता आरव, विहान, स्वरा, ओवी. या लाटांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या असतात, दशकांची चौकट घट्ट मानू नये. तेंडुलकरांच्या घरचा क्रम रमेश, सचिन, अर्जुन असा आहे, सचिन हे नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं (१९७३), आणि अर्जुन म्हणजे परत महाभारतात जाणं.

बायकांच्या नावांचा हिशोब मात्र सरळ लागत नाही, कारण लग्नात नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुना, लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. म्हणजे माहेरचं नाव एका काळातलं आणि सासरचं दुसऱ्या, आणि जुन्या कागदांत शोधताना एकच बाई दोन बाया होऊन बसते. इतकी माहेरची नावं अशी पुसली गेली याचं खरंच वाईट वाटतं.

नावं एका पिढीत मुद्दाम बदलली गेल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९५६ नंतरचं. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर (१४ ऑक्टोबर १९५६) बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा, प्रज्ञा ही नावं आली. ज्यांच्या आजा-पणजांना गावात हलक्या नावाने हाक मारली जायची त्यांनी स्वतः निवडलेली ही नावं आहेत, त्यामुळे यांना नुसती फॅशन म्हणणं चूक ठरेल. मुंबईचं सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) आणि औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय यांच्यामुळे त्यातली दोन नावं आधीच लोकांच्या कानावर होती. मिलिंदबद्दल थोडा वाद आहे. बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर हा एक अर्थ, संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा हा दुसरा. घरानुसार अर्थ वेगळा आणि नाव एकच, असं दोन्ही बाजूंनी घडलेलं दिसतं.

नकुशी हे नाव यात वेगळं काढायला हवं. मुलगा हवा असताना परत मुलगी झाली की तिचं नाव नकुशी, नको असलेली. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एका कार्यक्रमात २८५ मुलींची नावं बदलली गेली. धोंडू हे नाव मूल जगावं म्हणून दिलेलं असायचं आणि नकुशी हे ते आलंच का म्हणून, दोन्हींना "जुन्या चालीची नावं" म्हणून एका टोपलीत टाकणं बरोबर नाही.

मराठी नावात बापाचं नाव मधे येतं, त्यामुळे प्रत्येक पूर्ण नावात दोन पिढ्यांची फॅशन शेजारी शेजारी उभी असते. सातबाऱ्यावर वारसांची नोंद वाचली तर धोंडिबा मारुती मयत, खाली दत्तात्रय धोंडिबा, त्याच्या खाली सुनील दत्तात्रय, आणि वरून खाली येताना काळ उतरत गेलेला दिसतो. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने आईचं नावही मधे लावायचं ठरवलंय, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. म्हणजे अद्वैत रूपाली सचिन. रूपाली हे नाव नव्या बारशांत ऐकू येत नाही, पण शाळेच्या हजेरीत ते अजून बरीच वर्षं राहील.

जुनं झालेलं नाव परत येतं का? येतं, पण आजीचं नाही, पणजीचं. आजी डोळ्यांसमोर असते, तिचं नाव म्हणजे तिची काठी, तिचा चष्मा, म्हणून शालिनी कुणी ठेवत नाही, आणि रमा, मुक्ता, मीरा, तारा गोड वाटतात कारण त्या नावाची बाई घरात पाहिलेलीच नसते. सगळीच परत येत नाहीत. दगडू, केरबा आलेले नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची कायतान, बस्त्यांव ही नावं म्हाताऱ्यांपुरती राहिली आणि इंग्रजी वळणाची पुढे आली. अमेरिकेतल्या मराठी घरांत नील, रोहन, माया, अन्या अशी नावं निवडतात, ळ, ण, ढ शक्यतो टाळतात, कारण तिथल्या शिक्षकांना ते म्हणता येत नाहीत.

घरची लाडाची नावंही जुनी होतात आणि त्यांचं वय पटकन कळतं. बंडू, बबन, ठकी गेली, मग पप्पू, पिंकी, मग सोनू, मोनू, आता चिकू. आणि ज्या मुलींचं वेगळं नाव कधी ठेवलंच गेलं नाही त्यांचं लाडाचं नावच कागदावर चढलं, म्हणून रेशनकार्डावर नाव बेबी आणि वय ७२ अशी नोंद सापडते.