५१ ओंडके आणि दोनशे वर्षं

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड हे छोटंसं खेडं आहे. तिथलं सेंट अँड्र्यूचं चर्च आज उभ्या असलेल्या लाकडी चर्चमध्ये जगात सर्वांत जुनं मानलं जातं. त्याच्या भिंती म्हणजे ओकचे उभे चिरलेले ५१ ओंडके. सपाट बाजू आत, गोलाई बाहेर.

१९६० साली या लाकडाच्या वाढीच्या वलयांवरून चर्चच्या बांधणीचं साल इ.स. ८४५ असं काढलं गेलं. १९९५ मध्ये फेरतपासणी झाली आणि चर्च एकदम दोनशेहून अधिक वर्षांनी तरुण ठरलं. झाडं तोडली गेली होती १०६३ ते साधारण ११०० च्या सुमारापर्यंतच्या काळात.

ओक दरवर्षी एक वलय धरतो, चांगल्या हंगामात रुंद, वाईट हंगामात अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांनी तेच हवामान सोसलेलं असल्याने हा क्रमही बराचसा जुळतो. आजच्या झाडापासून जुन्या घरांच्या तुळयांपर्यंत, तिथून आणखी जुन्या लाकडांपर्यंत असं जुळवत मागे जाता येतं. ही साखळी जितकी भक्कम, तितकं साल खात्रीचं. इंग्लंडमध्ये ती १९६० नंतरच्या दशकांत भक्कम झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत याच तत्त्वाने सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास झाला आहे.

मला नवं साल अधिक मोलाचं वाटतं. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि ठिकठिकाणी दगडी चर्च उभी राहू लागली. त्याच सुमारास या खेड्यातले सुतार मात्र जुन्या सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडमधल्या, पद्धतीनेच ओक चिरत होते. राज्य बदललं म्हणून हातातली कला लगेच बदलत नाही, याचा हा पुरावा आजही हात लावून पाहता येतो.

ओकच्या गाभ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, म्हणून तो किडीला आणि बुरशीला दाद देत नाही. पण ओल धरणारी खालची टोकं कुजलीच. १८४८ च्या दुरुस्तीत ती कापून ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले गेले. त्या निर्णयामुळेच भिंती वाचल्या, असं मला वाटतं.

मग झाडं तोडल्याचं नेमकं एकच वर्ष का सांगता येत नाही? गाभ्याबाहेरचा, सालीलगतचा थर म्हणजे रसकाष्ठ. तो मऊ असतो. सुतार तासून टाकतो किंवा कीड खाते. झाडाची शेवटची वलयं त्यातच असतात. ती गेली की किती वलयं गेली असावीत याचा अंदाजच करावा लागतो. सालीपर्यंतचं शेवटचं वलय शाबूत असलेला एक जरी ओंडका असता, तरी ते झाड कोणत्या वर्षी पडलं हे सांगता आलं असतं.