पंजाबमधील दहशतवादविरोधी कारवाया व त्यांची परिणामकारकता

खलिस्तानवादी (शिखांचे स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या) सशस्त्र संघटनांविरुद्ध १९८४ ते १९९३ या काळात लष्कर, निमलष्करी दले आणि पंजाब पोलीस यांनी केलेल्या कारवाया. कठोर बळाने दहशतवाद मोडता येतो, या मताच्या पुष्टीसाठी पंजाबचा दाखला वारंवार दिला जातो. परंतु घटनाक्रम बारकाईने पाहिल्यास हे मत अर्धेच खरे ठरते.

सुवर्णमंदिर परिसरात शस्त्रसज्ज होऊन बसलेल्या जर्नैलसिंग भिंद्रनवाले यांच्या गटाविरुद्ध जून १९८४ मध्ये ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ झाले. गुरू अर्जनदेव यांच्या शहीदी दिनासाठी आलेले भाविक आत अडकलेले असतानाच ही कारवाई झाली आणि तीत रणगाडेही वापरले गेले. भिंद्रनवाले मारले गेले, मात्र अकाल तख्ताची, म्हणजे त्याच परिसरातील शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, मोठी हानी झाली. सरकारी श्वेतपत्रिकेत ८३ जवान मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. मृत भाविकांच्या संख्येविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. लष्करी उद्दिष्ट साधले, तरी खलिस्तानशी काहीही देणेघेणे नसलेले शीखही यामुळे खोलवर दुखावले गेले आणि काही पलटणींतील शीख सैनिकांनी बंड केले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतरच्या शीखविरोधी हत्याकांडात, सरकारी आकड्यानुसार, एकट्या दिल्लीत २,७३३ जणांचा बळी गेला. कारवाईच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य यांची निवृत्तीनंतर, १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या करण्यात आली. जी चळवळ मोडण्यासाठी ही कारवाई झाली, तिला सूडाने पेटलेले नवे तरुण याच काळात मिळाले.

मे १९८८ मध्ये त्याच परिसरात झालेल्या ‘ऑपरेशन ब्लॅक थंडर’ची पद्धत अगदी निराळी होती. राष्ट्रीय सुरक्षा दल आणि के. पी. एस. गिल यांच्या नेतृत्वाखालील पंजाब पोलिसांनी परिसराला वेढा घातला, आतील वीज व पाणी तोडले, नेमबाज बसवले आणि वाट पाहिली. पत्रकारांना हे सारे पाहता आले. सुमारे २०० जण शरण आले, वास्तूची हानी फारशी झाली नाही आणि पवित्र स्थानाच्या विटंबनेचा दोष बव्हंशी अतिरेक्यांवरच आला. संयमाचे हे यश निर्विवाद असले, तरी तेवढ्याने हिंसा थांबली नाही. ग्रामीण भागात ती वाढतच गेली आणि १९९१ हे अत्यंत रक्तरंजित वर्ष ठरले.

पुढील दोन वर्षांत चित्र पालटले. पोलीस दल वाढवण्यात आले, लष्कराची मदत मिळाली, सीमेवरील कुंपणामुळे शस्त्रांची ने-आण अवघड झाली आणि खंडणी व खुनांना कंटाळलेल्या गावांनी अतिरेक्यांना दिलेला आसरा काढून घेतला. फेब्रुवारी १९९२ च्या विधानसभा निवडणुकीत जेमतेम २४ टक्के मतदान झाले होते, तर जानेवारी १९९३ च्या पंचायत निवडणुकांना लोकांनी उदंड प्रतिसाद दिला. या बदलात पोलिसी कठोरपणाचा वाटा किती आणि गावकऱ्यांच्या पाठ फिरवण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

या कठोरपणाची किंमत मात्र कागदोपत्री नोंदली गेली आहे. मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी स्मशानांतील नोंदींवरून पोलिसांनी बेवारस ठरवून गुपचूप उरकलेले अंत्यसंस्कार उघडकीस आणले. सप्टेंबर १९९५ मध्ये पोलिसांनी त्यांचे अपहरण केले व नंतर त्यांचा खून झाला. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात अमृतसर परिसरातील असे २,०९७ अंत्यसंस्कार आढळले. त्यांपैकी १,२३८ मृतांची ओळख तेव्हा पटू शकली नाही. खालरा यांच्या हत्येबद्दल दोषी पोलिसांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली.