कांतिगास: राजाच्या उशाशी असलेली गाण्यांची पोथी

स्पेनमधल्या कॅस्टील राज्याचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाळ १२५२ ते १२८४) याच्या दरबारात कायद्याचे ग्रंथ, इतिहास, ग्रहगणिताची कोष्टकं तयार झाली ती कॅस्टिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेत. मरियामातेची गाणी रचताना मात्र त्याने गालिसियन-पोर्तुगीज धरली. तेव्हाच्या इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, दरबारी गाणं याच भाषेत शोभायचं. या संग्रहाचं नाव 'कांतिगास दे सांता मारिया', म्हणजे मरियामातेची गाणी. गाणी चारशेच्या वर. नऊ गाणी चमत्कारांच्या कथांची, दहावं निव्वळ स्तुतीचं, असा क्रम. सगळी एकट्या राजाने रचली असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. कवी, गायक, लेखनिक, चित्रकार असा मोठा ताफा त्याच्या पदरी होता.

चार हस्तलिखित प्रती आज शिल्लक आहेत. टोलेडोची प्रत आता माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात स्वरलिपी आहे, प्रसंगचित्रं नाहीत. दोन प्रती माद्रिदजवळच्या एल एस्कोरियाल या राजमठात. त्यांतली एक वादकांची म्हणून ओळखली जाते: दर दहाव्या गाण्यापाशी वाद्यं वाजवणारी माणसं, एका चित्रात तर मुस्लिम आणि ख्रिस्ती वादक शेजारी शेजारी बसलेले. दुसरी खरी राजेशाही. गाण्यामागे पानभर चित्र, त्यात सहा चौकटी, प्रत्येकीवर प्रसंग सांगणारी ओळ. गाण्याच्या क्रमांकाच्या शेवटी पाच आला की चौकटी बारा.

चौथी, फ्लॉरेन्सची प्रत अर्धवट राहिली, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटते. स्वरांसाठी रेघा आखल्यात, स्वर नाहीत. कुठे चित्राची नुसती आखणी, कुठे रंग अर्ध्यावर थांबलेले. काम कोणत्या क्रमाने चालायचं ते इथे उघडं दिसतं.

याच प्रतीत २०९व्या गाण्याची चित्रं आहेत. राजा व्हितोरिया या गावी आजारी पडतो, वेदना असह्य. वैद्य गरम कापडांचा शेक सांगतात. तो नको म्हणतो, मरियेच्या गाण्यांची पोथी मागवतो. ती अंगावर ठेवताच कळ थांबते. म्हणजे पोथीच्या चमत्काराची कथा पोथीतच!

१२८४च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं, की आपल्याला जिथे पुरतील त्या चर्चमध्ये हे ग्रंथ ठेवावेत, मरियेच्या सणांना ही गाणी म्हणावीत. तो सेव्हिलला पुरला गेला. एस्कोरियालच्या प्रती तिथून हलल्या त्या सोळाव्या शतकात, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या काळात.