आजीच्या पिढीचं नाव सातबाऱ्यावर का दिसत नाही

शेतात आयुष्य काढलेली आजी वारली की तिच्याबद्दल लिहिताना माणसं तिची माया लिहितात, तिच्या हाताची चव लिहितात आणि शेवटी "गृहिणी होत्या" असं टाकून मोकळी होतात. आमच्याकडेही तेच चाललं होतं, म्हणून ती ज्या काळातून गेली तो काळ इथे मांडतोय. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायांचं थोड्याफार फरकाने असंच गेलंय.

लहानपणी लग्न, पहाटे जातं, दिवसभर रान, हे काही वेगळं सांगायला नको. पण घरचं बियाणं बायांच्या हातात असायचं, ते विसरलं जातं. कुठलं कणीस बियाला राखायचं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ते कसं टिकवायचं हे आजी ठरवायची, आजोबा नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही ज्वारीची हायब्रीड आली, तिचं बी घरी राखून चालत नाही म्हणून पुढे बियाणं दरवर्षी विकत आणायचं झालं, दुकानात जाणार पुरुष, उधारी पुरुषाच्या नावावर, मग पेरायचं काय हे विचारायलाही आजीकडे कुणी येईना. ज्वारी जास्त पिकली हे खरंय, ते मी नाकारत नाही.

मग ७२ चा दुष्काळ. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती, त्यात हे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामं निघाली आणि मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती, बायका ढीगभर. दिवसभर खडी फोडायची, मातीची पाटी वाहायची, पोरांना सुकडी आणि घरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. आजी हे सांगताना कधी रडली नाही, उलट मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, माझं नाव होतं आणि पगार माझ्या हातात यायचा हे ती अभिमानाने सांगायची. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ ला मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. म्हणजे सरकारी खडी फोडली तेव्हा कागदावर नाव लागलं, स्वतःच्या रानात जन्मभर राबली त्याचा कागद नाही.

आता सातबाऱ्यावरचं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. यावर जरा सविस्तर लिहितो कारण घरोघरी घोळ इथेच झालाय. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस धरलं. पण गावात खातेदार वारला की फेरफारात थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागायचं, आई आणि बहिणी एकतर इतर हक्काच्या रकान्यात नाहीतर कुठेच नाहीत. याची बाजू घेणारे म्हणायचे की तुकडे पडत नाहीत, सोसायटीचं कर्ज एका सहीवर होतं, घर एक राहतं. सोय होती हे मलाही दिसतं. पण सोय कुणाची? जिच्या हातून निम्मी शेती व्हायची तिला पीककर्ज मिळायचं नाही कारण खातेदार मुलगा, आणि विहिरीसाठी कर्जाचं प्रकरण करायचं तरी मुलाच्या मागे फिरायचं. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, नाव नसलं म्हणून हक्क बुडत नाही, हे वकील सांगतात ते बरोबरच आहे, पण म्हातारी बाई त्यासाठी कोर्टात जाणार होती का? पुढे सगळ्या वारसांची नावं लावायच्या सूचना आल्या, तरी जुन्या कितीतरी नोंदी तशाच पडून राहिल्या.

१९८० च्या दशकाच्या शेवटी शेतकरी चळवळीतूनच बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची मोहीम निघाली. हक्काची गोष्ट नवऱ्याच्या मर्जीवर सोडली ही त्यातली कमी होतीच, पण निदान विषय चावडीवर आला. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नातच घरच्या शेतातलं बिनपगारी काम धरा असं स्पष्ट लिहिलं गेलं, तोवर अशा कितीतरी बायका घरकाम म्हणूनच मोजल्या जायच्या.

शेतकरी आत्महत्यांच्या वर्षांत हे सगळं फार कडू झालं, नवरा गेला आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, मग तरण्या बाईने जायचं कुणाकडे. २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपयांचा केंद्राचा शेतकरी सन्मान निधी सुरू झाला तोही नावावर जमीन असेल तरच. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलंय, चांगलंच आहे, आजीला ते ऐकायला मिळायला हवं होतं.

लेकींचं वेगळं. राज्याने १९९४ ला वडिलोपार्जित जमिनीत त्यांना हिस्सा दिला पण आधी लग्न झालेल्यांना वगळून, मग केंद्राने २००५ ला ती अट ठेवली नाही, आणि वडील तेव्हा हयात हवेत की नको हा वाद सुप्रीम कोर्टात थेट ऑगस्ट २०२० मध्ये मिटला, नकोत असा. आमच्या आत्यांना त्याचा उपयोग नाही, त्यांनी २००० च्या आधीच नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात, आणि त्या दिवशी त्यांना तालुक्याला आजीच घेऊन गेली होती.