उन्हात स्क्रीन वाचायची तर आधी सावली धरा

भर उन्हात लॅपटॉप उघडला की हात आपोआप ब्राइटनेस वाढवायला जातो. बॅटरी भराभर उतरते, अक्षरं मात्र पुसट ती पुसटच. हिशेब मांडला की त्यात नवल उरत नाही. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला 250 ते 300 निट उजळते. निट हे स्क्रीनची उजळता मोजायचं एकक. दुपारचं ऊन असतं सुमारे 1 लाख लक्स. लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं एकक. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या स्क्रीनने त्यातला 1 टक्का प्रकाश जरी चहूकडे विखरून परत फेकला, तरी स्क्रीनवर साधारण 300 निटचा पांढुरका थर चढतो. तो पांढऱ्यावरही चढतो आणि काळ्यावरही. म्हणजे पांढरं 600, काळं 300. फरक जेमतेम दुपटीचा. ब्राइटनेस दुप्पट केला तर फरक तिपटीवर जातो, बस्स. पण आडोसा करून ऊन 10,000 लक्सवर आणलं, तर थर 30 निटवर येतो आणि फरक अकरापट होतो.

म्हणून माझं पहिलं मत पुठ्ठ्याच्या झापेला. वर आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आतून काळा आणि बिनचकाकीचा. चकचकीत काळा कागद लावलात तर तोच उजेड स्क्रीनवर टाकेल. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे काळं कापड डोक्यावर घेत, तसं घेतलं तर आणखी उत्तम. लोक बघतील, बघू देत. लॅपटॉपची गरम हवा बाहेर पडायच्या फटी तेवढ्या झाकू नका.

चकचकीत स्क्रीनची तऱ्हा वेगळी. ती आरसाच असते. काचेचा पृष्ठभाग समोरून येणारा सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा शर्ट 25,000 निटच्या आसपास उजळलेला असतो. त्याचे 4 टक्के म्हणजे 1,000 निट! स्क्रीनपेक्षा तिच्यातला शर्टच जास्त ठळक. गडद, बिनचकाकीचा शर्ट घातला की हाच आकडा शंभराच्या खाली येतो. डार्क मोडही बंद करा, कारण काळ्या भागातच प्रतिबिंब सर्वात उठून दिसतं.

मॅट फिल्म सरसकट घेऊ नये. सावलीत बसणार असाल तर ती प्रतिबिंबं छान मोडते, पण थेट उन्हात त्याच प्रकाशाचं धुकं करते.

हौशी लोकांची एक धाडसी युक्ती आहे: स्क्रीनमागचं झाकण आणि बॅकलाइट (स्क्रीनला मागून उजळवणारा दिवा) काढून तिथे फक्त उजेड विखरणारा दुधी प्लास्टिकचा पत्रा ठेवायचा आणि ऊन मागून आत घ्यायचं. रंगीत एलसीडीतून, म्हणजे लॅपटॉपच्या द्रवस्फटिकांच्या पॅनेलमधून, मागच्या प्रकाशातला जेमतेम 5 ते 10 टक्केच बाहेर पडतो, तरी उन्हाच्या जोरावर 800 निट सहज मिळू शकतात. सूर्यच बॅकलाइट! 2007 साली आलेल्या, मुलांसाठीच्या एक्सओ-1 लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये ऊन समोरून घेऊन परतवायची सोय मुळातच होती. बॅकलाइट बंद केला की ती कृष्णधवल होऊन उन्हात स्वच्छ दिसे. घरी हा उद्योग करायचा तर भंगारातल्या स्क्रीनवरच. जुन्या स्क्रीनच्या बॅकलाइटमधल्या ट्यूबलाइटला शेकडो व्होल्ट लागतात, आणि मागून ऊन घेतलं की पॅनेल तापतं. ठरावीक तापमानापुढे द्रवस्फटिकांची रचना मोडते आणि स्क्रीनवर काळे डाग पसरतात. ते निवल्यावर जातात. पण पोलरायझर फिल्म (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणारा पॅनेलवरचा पापुद्रा) उष्णतेने बिघडली तर ती बदलण्यावाचून इलाज नाही.