खेळ थांबल्यानंतरचा फोटो

13 मार्च 1996. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. श्रीलंकेच्या 251 धावांचा पाठलाग करताना भारत 1 बाद 98वरून 8 बाद 120वर कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. सामनावीर ठरला अरविंद डिसिल्व्हा. त्याच्या 66 धावांमधल्या एखाद्या फटक्याचा फोटो आज कुणाच्या डोळ्यांसमोर येतो? येतो तो नाबाद 10वर रडत परतणारा विनोद कांबळी.

मनात घर करून राहिलेले खेळाचे फोटो आठवून बघा. त्यातल्या कितीतरी फोटोंत खेळ संपलेला असतो, निदान थांबलेला तरी असतो. हे वळण लागायला बराच काळ गेला. सुरुवातीच्या छायाचित्रकारांची सगळी झटापट वेगाशीच होती. जॉर्ज बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळायचा. क्रीज सोडून पुढे झेपावणाऱ्या व्हिक्टर ट्रंपरचा त्याने टिपलेला फोटो 1905 साली प्रसिद्ध झाला, आणि हलता फलंदाज कॅमेऱ्यात पकडता येतो हेच तेव्हा नवल होतं.

पण त्यानंतर तीनच वर्षांनी, 24 जुलै 1908 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये शिरला तो भेलकांडतच. पुन्हा पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी उठवलं, सावरलं, अंतिम रेषेपार नेलं आणि त्या मदतीपायीच तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. जगभर गाजला मात्र पिएत्रीचा फोटो, पाय लटपटत असलेला, दोन्ही बाजूंना माणसं. हरलेल्याचा फोटो जिंकलेल्यापेक्षा जास्त टिकतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 13 जून 1948चं छायाचित्र. यांकी स्टेडियमला 25 वर्षं झाली होती आणि बेसबॉलपटू बेब रूथचा जर्सीवरचा 3 क्रमांक कायमचा निवृत्त करायचा होता. रूथ कर्करोगाने पोखरला होता. उभं राहायला त्याने बॅटचाच काठीसारखा आधार घेतला होता. छायाचित्रकारांची गर्दी अर्थातच समोर, त्याच्या चेहऱ्यासाठी. 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'चा नॅट फाइन मात्र वळसा घालून मागे गेला. समारंभ त्या क्रमांकाचा, आणि क्रमांक तर पाठीवर! ढगाळ दिवस असूनही त्याने फ्लॅश वापरला नाही. फोटोत रूथचा चेहरा नाही. दिसतात ते सैल पडलेला गणवेश, किंचित वाकलेली पाठ, हातातली टोपी आणि पलीकडे भरलेलं स्टेडियम. दोन महिन्यांनी, 16 ऑगस्टला रूथ गेला. 1949 साली या छायाचित्राला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. क्रीडा छायाचित्राला मिळालेलं ते पहिलंच. असा फोटो नशिबाने मिळतो असं कुणी म्हणालं, की मला फाइनने चाललेली ती चार पावलं आठवतात.

नशिबाचा वाटा नसतोच असं नाही. 16 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको सिटीत 200 मीटरच्या पदकवितरणात अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वंशभेदाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. ते टिपणाऱ्या 'लाइफ' नियतकालिकाच्या जॉन डॉमिनिसला तेव्हा त्यात मोठी बातमी दिसलीच नव्हती, नेहमीचाच समारंभ वाटला होता. त्याच फोटोत रौप्यविजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन हात खाली ठेवून उभा आहे. त्याच्याही छातीवर मानवी हक्कांसाठीच्या त्याच चळवळीचा बिल्ला होता, हे लोकांच्या लक्षात यायला फार वर्षं लागली. 2006 साली त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघंही गेले.

यंत्राची अडचणही समजून घ्यायला हवी. एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि तेवढा क्षणभर व्ह्यूफाइंडर अंधारतो. म्हणजे जो क्षण डोळ्यांना नीट दिसला, तो हुकलाच म्हणायचा. म्हणून जुने छायाचित्रकार खेळाडूचा खांदा, मान, चाल वाचत बसायचे. आजचे कॅमेरे सेकंदाला 20 फ्रेम सहज घेतात. पण तोंड कुठे करायचं ते अजूनही माणसालाच ठरवावं लागतं. 7 ऑगस्ट 2005 रोजी एजबॅस्टनला इंग्लंड ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी 2 धावांनी जिंकलं. जल्लोषाकडून नजर वळवणाऱ्यांना दिसला तो खाली बसलेला ब्रेट ली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकलेला फ्लिंटॉफ.

अर्थात, आधी मैदानात शिरू तर दिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये 1972पर्यंत कसोटीचे फोटो काढण्याचा हक्क मोजक्या एजन्सींपुरता होता. तो खुला झाला तेव्हा पॅट्रिक ईगरसारख्या क्रिकेट छायाचित्रकाराला वाव मिळाला. आपल्याकडे 2012च्या इंग्लंड दौऱ्यात क्रिकेट मंडळाने काही छायाचित्र संस्थांना प्रवेश नाकारला, तेव्हा मोठ्या वृत्तसंस्थांनी निषेध म्हणून फोटो देणंच थांबवलं. पीटरसनची वानखेडेवरची 186 धावांची खेळी याच मालिकेतली. त्या वेळचे किती चेहरे टिपायचे राहिले असतील, याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुढच्याच वर्षी, 16 नोव्हेंबर 2013 रोजी, त्याच वानखेडेवर सचिनचं भाषण झालं, सहकाऱ्यांच्या खांद्यावरून मैदानाची फेरीही झाली. त्यानंतर तो एकटा खेळपट्टीपर्यंत गेला, वाकला, मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तोवर ज्यांनी कॅमेरा पिशवीत भरला नव्हता, त्यांना तो फोटो मिळाला.