कंडेन्सेटची उफणणी आणि संगणकाचे अंदाज

एप्रिल लागला की 'उन्हाळ्यात गाडीची टाकी फुल करू नका, स्फोट होईल' हा संदेश परभणी-लातूरकडच्या मोबाइलवर न चुकता फिरू लागतो. तेल कंपन्यांनी तो केव्हाच खोडून काढलेला आहे. पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, ३७.८ अंश सेल्सियसला ६० किलोपास्कलच्या आसपास राखलेला असतो आणि हवेचा दाब शंभराच्या घरात असतो. त्यामुळे ४३ अंशांतही ते टाकीत उकळत नाही.

जमिनीतून निघणारा द्रव मात्र इतका शांत नसतो. मुंबईजवळच्या वसई समुद्रक्षेत्रातला नैसर्गिक वायू नळाने हजिऱ्याला जातो, तेव्हा त्याबरोबर कंडेन्सेट नावाचा हलका द्रवही पोचतो. कंडेन्सेटमध्ये पेंटेन आणि त्याहून जड घटक असतात, पण दाबाखाली मिथेन, इथेन, प्रोपेनही विरघळलेले असतात. पेंटेन ३६ अंशांना उकळतो, मिथेन उणे १६१ अंशांना. असा द्रव साध्या टाकीत सोडला, तर तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि सुटणारा वायू मोलाचा पेंटेनही सोबत नेतो.

खळ्यावर ज्वारी एकदाच जोराच्या वाऱ्याला धरली, तर भुसकटाबरोबर हलके दाणेही उडतात. म्हणून जाणती माणसे ती बेताच्या वाऱ्यात पुन्हा पुन्हा उफणतात. स्थिरीकरणाचा, म्हणजे द्रवातले हलके वायू काढून तो शांत करण्याचा, उभा मनोरा नेमके हेच करतो. त्यात एकाखाली एक थाळ्या बसवलेल्या असतात. थंड कंडेन्सेट वरून सोडतात आणि तळाला उष्णता देतात. वर चढणारी वाफ उतरत्या थंड द्रवाला प्रत्येक थाळीवर भेटते, तिच्यातला ब्यूटेन आणि पेंटेन पुन्हा द्रव होतो आणि त्या वेळी मोकळ्या झालेल्या उष्णतेने मिथेन-इथेन बाहेर ढकलले जातात.

या प्रत्येक थाळीचे गणित संगणक करतो. त्यासाठी दाब, तापमान आणि आकारमान यांची सांगड घालणारे पेंग आणि रॉबिन्सन यांचे १९७६ चे समीकरण बहुधा वापरतात. ते त्रिघाती असल्यामुळे आकारमानाची तीन उत्तरे निघू शकतात: सर्वांत मोठे वायूचे, सर्वांत लहान द्रवाचे, मधले निरर्थक. त्यांवरून प्रत्येक घटकाची फ्युगॅसिटी, म्हणजे त्या अवस्थेतून निसटण्याची ओढ, काढतात. समतोलात ती वाफेत आणि द्रवात सारखी असते. अडचण अशी, की फ्युगॅसिटीसाठी मिश्रणाचे प्रमाण हवे आणि प्रमाणासाठी फ्युगॅसिटी. म्हणून आधी अंदाज धरायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा. आणि एका थाळीचा द्रव खालच्या थाळीत उतरत असल्याने सगळ्या थाळ्यांचा मेळ एकाच वेळी बसवायचा. डीडब्ल्यूसिम या मोफत प्रणालीत हे साध्या लॅपटॉपवरही करता येते.

'संगणकाने काढले' म्हटले की आकड्याला देववाणीचा मान मिळतो, तो अनाठायी आहे. हेप्टेनपासून पुढचे असंख्य घटक सहसा मोजक्या कल्पित घटकांत कोंबलेले असतात, आणि ती निवड चुकली की उत्तरही चुकते. तळाचे तापमान वाढवल्यास बाष्पदाब उतरतो, पण ब्यूटेन वर निघून जातो आणि कंडेन्सेट घटते. शिवाय पडद्यावर दिसणारा रीड बाष्पदाब, म्हणजे ठरावीक पद्धतीचा प्रमाण बाष्पदाब, ३७.८ अंशांचा असतो. मे महिन्यात परभणीच्या उन्हात उभ्या असलेल्या टँकरमध्ये त्याच द्रवाचा दाब त्याहून जास्तच भरतो.